पडद्यावरची नीरा, फाटकापुढची शांता

मैत्रिणींनो, हल्ली टीव्ही लावला की कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर दहा-बारा वर्षांची पोरं माईक हातात घेऊन गात असतात. आपण कौतुकाने बघतो, डोळे पुसतो, शेजारणीला फोन करून सांगतो. मालिकांमध्येही पंधरा-सोळा वर्षांच्या मुली घराघरांत पोचतात. त्यांचे कपडे, त्यांचे केस, त्यांचं बोलणं, सगळ्याची आपल्या मुली नक्कल करतात. मग त्यातली एखादी सिनेमात जाते, गाणं गाते, आणि आपल्याला वाटतं, हे सगळं या नव्या जमान्याचं!

पण असं नाही बरं का. टीव्ही नव्हता, तेव्हाही अशी एक मुलगी होती. कोवळ्या वयात तिला अख्खा महाराष्ट्र ओळखायला लागला. ती गायची, अभिनय करायची आणि वेळ आली तेव्हा आपल्या हक्कासाठी भांडायचीही. शांता आपटे तिचं नाव. आजच्या मुलींना हे नाव फारसं माहीत नसेल. पण आपल्या आजीला विचारा, 'कुंकू'मधली नीरा म्हटलं की तिचा चेहरा कसा उजळतो ते बघा.

शांताबाई आपल्या सातारा-सांगलीच्या नव्हेत, हे आधीच सांगते. पण ज्या भूमिकेने त्या अजरामर झाल्या, ती भूमिका मात्र आपल्याच मातीतली. ते कसं, ते पुढे येईलच.

दुधनीच्या स्टेशनमास्तरांची मुलगी

शांताबाईंचा जन्म १९१६ सालचा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. घरात गाण्याची आवड. मुलीचा गळा गोड आहे हे वडिलांनी लहानपणीच ओळखलं आणि तिला गाणं शिकवलं. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिचं शिक्षण झालं. गणेशोत्सवात ही चिमुरडी गायला उभी राहायची आणि मंडपातली माणसं माना डोलवायची. आज जसे टीव्हीवरचे कार्यक्रम, तसे तेव्हा गणपतीतले मेळे आणि गाण्याच्या बैठका. लहान कलाकाराला लोकांपुढे आणणारं तेच व्यासपीठ होतं.

तो काळ कसा होता, ते जरा डोळ्यांसमोर आणा. नाटकात बायकांची कामं पुरुष करत. चांगल्या घरच्या मुलीने चारचौघांत गाणंही लोकांना खपत नसे, मग सिनेमाचं तर नावच नको! १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला आणि सिनेमाला गाणारी माणसं लागायला लागली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे दिसल्या, तर केवढी चर्चा झाली. त्याच वर्षी, म्हणजे १९३२ सालीच, आपली शांताही पडद्यावर आली. वय अवघं सोळा!

चित्रपटाचं नाव 'श्यामसुंदर'. पुण्याच्या दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनचा हा बोलपट कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी दिग्दर्शित केला. शाहू मोडक झाले कृष्ण आणि शांता आपटे झाली राधा. दोघंही किशोरवयातली, दोघंही गाणारी. लोकांनी या जोडीला असं डोक्यावर घेतलं की मुंबईत हा चित्रपट पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. आपल्याकडचा पहिला रौप्यमहोत्सवी बोलपट म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्या सुरुवातीच्या बोलपटांत आजच्यासारखं पार्श्वगायन नव्हतं. आज एक गाते आणि दुसरी ओठ हलवते. तेव्हा जिने काम करायचं तिनेच गायचं, तेही कॅमेरा चालू असताना. वाजवणारे आजूबाजूला लपून बसत. सूर चुकला, हावभाव चुकला की पुन्हा पहिल्यापासून! म्हणजे गळाही हवा, चेहराही हवा आणि न थकता उभं राहायची ताकदही हवी. सोळाव्या वर्षी हे सगळं त्या मुलीत होतं.

प्रभातच्या कंपनीत

कोल्हापुरात १९२९ साली व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी सुरू केली होती. १९३३ साली ती पुण्यात आली. पुण्यातल्या नव्या स्टुडिओत बनलेला पहिला चित्रपट 'अमृतमंथन'. साल १९३४. त्यात शांता आपटे नायकाची बहीण झाल्या आणि 'प्रभात'च्या झाल्या.

त्या गायला लागल्या की लोक बघतच राहत. तोवर पडद्यावर गाणारी बाई म्हणजे एका जागी खिळल्यासारखी उभी राहून गाणारी. नजर एकीकडे, हात खाली. शांताबाई गाता गाता हात हलवत, मान वेळावत, डोळ्यांनी बोलत. गाणं म्हणजे बोलण्याचाच पुढचा भाग वाटायचा. आज आपल्याला यात काय विशेष, असं वाटेल. पण तेव्हा हे अगदी नवं होतं. नंतरच्या नट्यांनी जे केलं त्याची वाट शांताबाईंनी घालून दिली, असं जाणकार म्हणतात ते यासाठीच.

'प्रभात' बरेच चित्रपट मराठीत आणि हिंदीत एकदमच काढत असे. म्हणजे एकच प्रसंग आधी एका भाषेत करायचा आणि लगेच दुसऱ्या भाषेत. संवाद वेगळे, गाणी वेगळी, पण रडणं-हसणं तेच. कलाकार कंपनीचे पगारी नोकर असत. महिन्याला पगार, करारात बांधलेलं, सकाळी वेळेवर हजर. तालमी, गाण्याचे रियाज, चित्रीकरण... सगळं कारखान्यासारखं शिस्तीत. पडद्यावरची राजकन्या प्रत्यक्षात नोकरदार बाईच होती, आपल्या आजच्या शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांच्यासारखी.

१९३६ साली 'अमर ज्योती' आला. दुर्गाबाई त्यात समुद्रावरची बंडखोर सौदामिनी झाल्या आणि शांताबाई राजकन्या नंदिनी. पुरुषांच्या जुलमाविरुद्ध उभी राहणारी बाई, असा त्याचा विषय. १९३८ साली 'गोपालकृष्ण'मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या. त्यातला बाळकृष्ण म्हणजे पुढे संगीत रंगभूमी गाजवणारे पंडित राम मराठे. या दोन्हींच्या मध्ये, १९३७ साली, आला 'कुंकू'.

सामडोली, कोरेगाव आणि 'कुंकू'

आता आपल्या मातीची गोष्ट. 'कुंकू' ज्या कादंबरीवरून घेतला तिचं नाव 'न पटणारी गोष्ट' आणि लेखक ना. ह. आपटे. जन्म १८८९ सालचा, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सामडोलीचा. आयुष्य गेलं ते सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात आणि १९७१ साली त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही कोरेगावातच. 'अमृतमंथन'सुद्धा त्यांच्याच 'भाग्यश्री' कादंबरीवरून घेतलेला. नटी आपटे आणि लेखकही आपटे, हीही एक गंमतच! कोरेगावसारख्या गावात बसून एक लेखक बायकांच्या दुःखाची गोष्ट लिहितो आणि ती सगळ्या देशात पोचते, याचा आपल्याला अभिमान वाटायला नको का?

आणि या विषयाचं मूळ तर अजून मागे जातं. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आठवा. त्यांचं 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आलं. पैशासाठी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप आणि लग्नाला उतावीळ झालेला तो म्हातारा, हे सगळं देवलांनी लोकांना हसवत हसवत दाखवलं आणि रडवलंही. देवल गेले १९१६ साली. शांताबाई जन्मल्या त्याच वर्षी. जणू शारदेचं राहिलेलं काम पुरं करायलाच ही मुलगी आली!

राहिलेलं काम म्हणजे काय? शारदेचं लग्न मोडतं ते वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून, आणि तिला वाचवतो तो कोदंड. शारदा बिचारी सोसते, जीव द्यायला निघते. 'कुंकू'मधली नीरा मात्र तशी नाही. तिचं लग्न लागून गेलेलं आहे. आईबापाविना वाढलेली ही मुलगी मामाने फसवून एका बिजवर वकिलाला देऊन टाकलेली. नवऱ्याची मुलंच तिच्या वयाची. सुटका करायला कुणी कोदंड येणार नसतो. मग ती स्वतःच उभी राहते. या लग्नाला मी लग्न मानत नाही, असं ती आपल्या वागण्यातून ठामपणे दाखवते. घरात राहते, पण नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. घरातली म्हातारी टोचून बोलते, बोलणी खाते, उपाशी राहते, पण वाकत नाही. सावत्र मुलगा चावटपणा करायला येतो तर छडीने त्याला चोप देते!

विचार करा, हे १९३७ साल आहे. सांगली तेव्हा संस्थान होतं. हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट मिळण्याची सोय आपल्याकडे नव्हती. मुंबई प्रांतात ती आली १९४७ साली आणि देशभर हिंदू विवाह कायदा झाला १९५५ साली. मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा असावं असा कायदा १९३० पासून लागू झाला होता खरा. हरबिलास सारडा यांच्या नावाने तो ओळखला जातो. आपल्याकडे तो शारदा कायदा म्हणूनच लोकांच्या तोंडी बसला. पण चौदाच्या पुढच्या मुलीला साठीच्या माणसाला द्यायला त्यात कुठली आडकाठी होती? अशा वेळी नीराच्या हातात होतं काय? फक्त तिचा नकार. आणि तोच तिने हत्यारासारखा वापरला.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? घड्याळाची टिकटिक, दाराची करकर, पावलांचे आवाज, एवढंच. शांतारामबापूंनी ते मुद्दाम केलं. संगीत केशवराव भोळ्यांचं, गाणी शांताराम आठवल्यांची. गाणीही घरातल्या बायका सहज म्हणतात तशी. एका ठिकाणी तर नीरा ग्रामोफोनवर ऐकून लाँगफेलो या अमेरिकन कवीचं इंग्रजी गाणं म्हणते! काकासाहेब झाले केशवराव दाते. त्यांनीही हा म्हातारा निव्वळ दुष्ट रंगवला नाही. तो हट्टी आहे, हौशी आहे, पण हळूहळू त्याला आपण काय अन्याय केला ते कळतं. शेवटी तो नीराला मुलगी मानून पत्र लिहून ठेवतो, तिने पुन्हा लग्न करावं असं सांगतो आणि स्वतःचं आयुष्य संपवतो.

आणखी एक नाव सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नीराची बाजू घेणारी तिची सावत्र मुलगी चित्रा ज्यांनी केली, त्या शकुंतला परांजपे. रँग्लर परांजप्यांच्या कन्या आणि सई परांजप्यांच्या आई. इंग्लंडात शिकून आलेल्या या बाईंनी १९३८ पासून पुण्यात संततिनियमनाचं काम सुरू केलं. लोकांची बोलणी खात, घरोघर बायकांना समजावत त्या पुढची कितीतरी वर्षं राबल्या. पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेतही गेल्या. आरोग्य केंद्रातल्या ताई आज आपल्याला जे मोकळेपणाने सांगतात, ते सांगायची सुरुवात ज्यांनी केली, त्यांतल्या त्या एक. म्हणजे पडद्यावर सावत्र आई आणि मुलगी झालेल्या या दोघी प्रत्यक्ष आयुष्यातही तितक्याच खमक्या होत्या!

फाटकापुढचं उपोषण

पडद्यावर भांडणाऱ्या नट्या पुष्कळ असतात. खऱ्या आयुष्यात भांडणाऱ्या थोड्या. शांताबाई दुसऱ्या प्रकारातल्या होत्या.

नाव झालं, पैसा आला, तरी त्यांचे सगळे व्यवहार भाऊ बाबूराव बघत. करार, बोलणी, येणं-जाणं, सगळ्यावर भावाची नजर आणि शिस्तही कडक. त्या काळाच्या रीतीने ते ठीकच मानलं गेलं. पण कामावर जाणारी शांताबाई होती, घाम तिचा होता. १९३९ साली करारावरून आणि पगारावरून कंपनीशी वाद झाला. दुसऱ्या एखाद्या नटीने काय केलं असतं? घरी बसून रडली असती किंवा गुपचूप दुसरी कंपनी धरली असती. शांताबाई थेट 'प्रभात'च्या फाटकापाशी गेल्या आणि उपोषणाला बसल्या!

केवढी खळबळ उडाली असेल, कल्पना करा. ज्या स्टुडिओच्या फाटकातून ती मोटारीतून आत जायची, त्याच फाटकापाशी देशातली नामांकित नटी अन्नत्याग करून बसलेली. वर्तमानपत्रांना, सिनेमाच्या मासिकांना विषयच मिळाला. कुणी हसलं, कुणी नाटक म्हटलं, कुणी तिच्या कपड्यांवर बोललं. बाई भांडायला उभी राहिली की तिच्या मुद्द्यापेक्षा तिच्या पेहरावावर जास्त बोललं जातं, हे तेव्हाही तसंच होतं. पण उपोषण हे गांधीजींनी सगळ्यांना दिलेलं हत्यार होतं आणि ते एका पगारी बाईने आपल्या मालकांपुढे वापरलं, ही साधी गोष्ट नव्हती.

इथे 'प्रभात'ला वाईट ठरवायचा माझा हेतू नाही. त्या कंपनीने आपल्याला 'संत तुकाराम' दिला, 'माणूस' दिला, 'शेजारी' दिला. शांताबाईंना नीराही तिनेच दिली. पण चांगल्या घरातही सुनेचं म्हणणं ऐकलं जातंच असं नाही, तसंच आहे हे. संस्था मोठी असली तरी तिथे राबणाऱ्या बाईचा हिशेब चोख हवाच.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, शांताबाईंनी पुस्तक लिहिलं. नाव, 'जाऊ मी सिनेमात?' सिनेमात जाऊ बघणाऱ्या मुलींचा प्रश्नच त्यांनी पुस्तकाचं नाव केला. नावावरून वाटेल, यात नटीच्या गमतीजमती असतील. तसं नाही. या धंद्यात पैसा कोण लावतो, राबतं कोण आणि फायदा कुणाच्या पदरात पडतो, याचा हिशेब त्यांनी त्यात मांडला. नट-नटी म्हणजे चमचमणारे तारे नव्हेत, तेही कामगारच आहेत आणि त्यांची पिळवणूक होते, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिलं. वय त्या वेळी चोवीस! कीर्तीच्या शिखरावर असताना आपल्याच धंद्याची आतली बाजू उघडी करायला किती धैर्य लागत असेल?

मद्रास, लाहोर आणि परत

'प्रभात' सुटली, पण शांताबाई थांबल्या नाहीत. १९४१ साली वाय. व्ही. राव यांच्या 'सावित्री' या तमिळ चित्रपटात त्या सावित्री झाल्या. तमिळचा गंध नसताना त्यांनी वर्षभर ती भाषा शिकून घेतली आणि स्वतःचे संवाद, स्वतःची गाणी स्वतःच म्हटली. या चित्रपटात नारद कोण होते माहीत आहे? एम. एस. सुब्बुलक्ष्मी! नवऱ्याच्या मित्रमंडळींना 'कल्की' नावाचं साप्ताहिक काढायचं होतं, त्याच्या भांडवलासाठी त्यांनी पुरुषाची ती भूमिका घेतली होती. दोन गाणाऱ्या बायका, दोन भाषांच्या, एका पडद्यावर. आणि एकीच्या कमाईवर एक अख्खं साप्ताहिक उभं राहिलं!

पुढच्या वर्षी लाहोरच्या पांचोली कंपनीचा 'जमीनदार' केला. संगीत गुलाम हैदर यांचं. एकीकडे मद्रास, एकीकडे लाहोर. त्या काळच्या प्रवासाचे हाल आठवले की थक्क व्हायला होतं.

आणि मग १९४६ साल. मास्टर विनायकांचा 'सुभद्रा' आला. शांताबाई सुभद्रा. संगीत वसंत देसाईंचं. या चित्रपटात शांताबाईंच्या बरोबर एक सतरा वर्षांची मुलगी छोटं काम करत होती आणि त्यांच्यासोबत एक गाणंही गात होती. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर! आपल्या सांगलीत जिचं बालपण गेलं, मास्टर दीनानाथांच्या मागे जिच्यावर चार भावंडांचा आणि आईचा भार पडला, तीच. सोळाव्या वर्षी पडद्यावर आलेली एक गायिका-नटी आणि तशाच कोवळ्या वयात घरासाठी कमवायला निघालेली दुसरी, अशा दोघी एका गाण्यात एकत्र आल्या. त्यानंतर काळच बदलला. पार्श्वगायनाचं युग आलं. गाणारी वेगळी आणि दिसणारी वेगळी झाली. लताबाई त्या युगाच्या सम्राज्ञी झाल्या आणि गाऊन अभिनय करणाऱ्यांची पिढी हळूहळू मागे पडली.

त्याच वर्षी भालजींचा 'वाल्मिकी' आला. त्यात पृथ्वीराज कपूर होते आणि तरुण राज कपूर नारद झाले होते. १९४९ साली 'स्वयंसिद्धा' आला. त्यानंतर मात्र कामं कमी होत गेली. १९५० नंतर त्या तुरळक चित्रपटांतच दिसल्या. सहा महिन्यांच्या आजारपणानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरीला त्यांचं निधन झालं. पन्नाशीही गाठली नव्हती. ज्या 'प्रभात'च्या फाटकापाशी त्या बसल्या होत्या, तिथे तोवर सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. आज देशभरातल्या मुली तिथे कॅमेरा, दिग्दर्शन, अभिनय शिकतात.

आपण काय घ्यायचं?

मैत्रिणींनो, मी बचत गटांच्या निमित्ताने खेड्यापाड्यांत फिरते. मागे एका गटाच्या बैठकीनंतर आम्ही पंधरा-वीस जणींनी मिळून 'कुंकू' बघितला. काळा-पांढरा, आवाजात खरखर. सुरुवातीला पोरीबाळी कुजबुजत होत्या. नीराने छडी उचलली आणि सगळ्या गप्प! संपल्यावर एक सत्तरीच्या आजी बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग एवढंच म्हणाल्या की त्यांचा नवरा त्यांच्याहून बावीस वर्षांनी मोठा होता आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

ही गोष्ट जुनी झाली असं म्हणावं, तर आकडे तसं म्हणू देत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे दर पाचांत एक! नवरा म्हातारा नसेल, पण मुलीला विचारलं होतं का, हा नीराचा प्रश्न अजून तिथेच उभा आहे.

बदल होत नाही असंही नाही. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनेही त्याची दखल घेऊन त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. कुंकू लावायचं की नाही हे जिच्या कपाळाचा प्रश्न आहे तिने ठरवावं, हे नीरा त्याआधी पंच्याऐंशी वर्षं सांगून गेली होती. तेच हेरवाडने कागदावर आणलं.

दुसरी गोष्ट आपल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या लेकरांची. तुमच्या मुलीला टीव्हीवर, जाहिरातीत, सिनेमात काम मिळालं तर आनंद आहेच. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. आणि तिच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग तिच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेला पाहिजे. हा २०१७ पासूनचा नियम आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. करार वाचा. कळला नाही तर वकिलाला दाखवा. शाळा बुडणार असेल तर आधी विचारा.

आणि हे फक्त कलाकारांपुरतं नाही. कारखान्यात जाणारी, शिवणकाम करणारी, दूध डेअरीला घालणारी, पापड लाटणारी, आपल्यातली प्रत्येक जण कमावते. पासबुक कुणाच्या नावाने आहे? सही आपण करतो, पण वाचून करतो का? पैसे काढायला कोण जातं? शांताबाईंसारखी देशभर नाव झालेली बाई, तिचेही व्यवहार दुसऱ्यानेच बघितले आणि शेवटी तिला फाटकापुढे बसावं लागलं. ती वेळ आपल्यावर येऊ नये असं वाटत असेल, तर पुढच्या बैठकीला येताना आपापलं पासबुक बरोबर घेऊन या. एकमेकींना वाचून दाखवू.